ट्वायलाइट स्ट्रगल: नको असलेले पत्ते हाताळायला शिकवणारा युद्धखेळ

दोन खेळाडूंनी नकाशा समोर ठेवून खेळायच्या युद्धखेळांपैकी डावपेच शिकण्यासाठी एकच निवडायचा झाला तर मी ‘ट्वायलाइट स्ट्रगल’च्या संगणकीय आवृत्तीचे नाव घेतो, आणि त्यामागे या खेळाची कीर्ती हे कारण नाही. चढाई कशी करावी हे बहुतेक सगळेच युद्धखेळ शिकवतात. आपल्या वाट्याला आलेले नुकसान कधी, कुठे आणि कोणत्या क्रमाने सोसायचे, हे शिकवणारे खेळ मात्र फार थोडे आहेत, आणि ते इतक्या काटेकोरपणे शिकवणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या घरी आणि कामानिमित्त वाशीला जाता-येता लोकलमध्ये मी हा खेळ नियमाने खेळतो, नवख्यांना शिकवतोही. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः ज्यांना तो नीट शिकायचा आहे त्यांच्यासाठी आहे.

मूळ खेळ पटावरचा. आनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांनी तो रचला आणि जीएमटी गेम्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळाच्या क्रमवारीत डिसेंबर २०१० पासून २०१६ च्या सुरुवातीपर्यंत तो पहिल्या स्थानावर होता. प्लेडेक या कंपनीने २०१४ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारून त्याची संगणकीय आवृत्ती हाती घेतली आणि ती २०१६ मध्ये बाजारात आणली. एक खेळाडू अमेरिका होतो, दुसरा सोविएत संघ. काळ १९४५ ते १९८९, फेऱ्या दहा, नकाशा सगळ्या जगाचा. पटावर फौजा नाहीत. प्रत्येक देशात आपला ‘प्रभाव’ मांडायचा असतो. देशाला एक स्थैर्यांक दिलेला असतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या प्रभावापेक्षा आपला प्रभाव किमान त्या अंकाइतका जास्त झाला की तो देश आपल्या नियंत्रणाखाली येतो. गुणांचा काटा एकाच पट्टीवर दोन्ही दिशांना सरकतो आणि कोणाच्याही बाजूने २० वर पोहोचला की खेळ तिथेच संपतो.

सगळी हालचाल पत्त्यांवर चालते, आणि या खेळाचे मर्म पत्त्यांच्या एकाच नियमात आहे. गुणांकनाचे पत्ते सोडले तर प्रत्येक पत्त्यावर एक ते चार असा ‘ऑप्स’चा, म्हणजे प्रभाव मांडण्यासारख्या कृतींवर खर्च करायचा, आकडा असतो आणि एक ऐतिहासिक घटना असते. घटना अमेरिकेची असते, सोविएतची असते किंवा दोघांनाही वापरता येण्यासारखी असते. आपला किंवा दोघांचा पत्ता असेल तर आकडा वापरायचा की घटना, हे आपण ठरवतो. परंतु प्रतिस्पर्ध्याची घटना असलेला पत्ता आपल्या हातात आला आणि आपण तो ऑप्ससाठी खेळला, तर ऑप्स आपल्याला मिळतात आणि घटना मात्र त्याच्या फायद्याची घडतेच. म्हणजे शत्रूचे भले करणारे पत्ते आपल्याच हातात बसलेले असतात आणि त्यांतले बरेचसे आपल्यालाच खेळावे लागतात. पहिल्यांदा हा नियम ऐकणाऱ्याला तो अन्यायाचा वाटतो. चार-पाच डावांनंतर त्याच नियमासाठी माणूस पुन्हा खेळायला बसतो.

यातले गणित स्पष्ट मांडून दाखवले की नवख्याला पुष्कळ काही उलगडते. पहिल्या तीन फेऱ्यांत हातात आठ पत्ते असतात. त्यांतला एक फेरीच्या सुरुवातीला दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न दाखवता, ‘हेडलाइन’ म्हणून, म्हणजे केवळ त्यावरच्या घटनेसाठी, निवडायचा असतो. त्यानंतर प्रत्येकाच्या सहा चाली होतात. सात पत्ते गेले आणि एक उरला. चौथ्या फेरीपासून पत्ते नऊ आणि चाली सात होतात, तरी शिल्लक एकच. याशिवाय प्रत्येक फेरीत एक पत्ता अवकाश-शर्यतीवर टाकता येतो, आणि तिथे टाकलेल्या पत्त्यावरची घटना घडत नाही. म्हणजे एका फेरीत साधारणपणे दोनच नको असलेल्या पत्त्यांपासून सुटका: एक अवकाशात, एक हातात राखून. तिसरा असेल तर तो खेळावाच लागणार. अवकाश-शर्यतीची अटही लक्षात घ्यावी लागते, कारण तिथे सुरुवातीला किमान दोन ऑप्सचा पत्ता लागतो. एक ऑप्सचा घातक पत्ता अवकाशात पाठवता येत नाही, आणि खेळाची रचना करणाऱ्यांनी काही अत्यंत त्रासदायक घटना जाणीवपूर्वक एक ऑप्सच्या पत्त्यांवर ठेवल्या आहेत.

‘ब्लॉकेड’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बर्लिनच्या नाकेबंदीचा हा सोविएत पत्ता एकच ऑप्सचा. तो घडला की अमेरिकेने तीन किंवा अधिक ऑप्सचा एक पत्ता टाकून द्यायचा, नाहीतर पश्चिम जर्मनीतला तिचा सगळा प्रभाव जातो. अमेरिका खेळणाऱ्या नवख्याच्या हातात हा पत्ता आला की तो शेवटच्या चालीपर्यंत लांबवतो, आणि तोवर मोठे पत्ते खेळून संपलेले असतात. जाणता खेळाडू हाच पत्ता तीन ऑप्सचा एखादा कमी उपयोगाचा पत्ता हातात असतानाच खेळून टाकतो, कारण ‘ब्लॉकेड’वर तारा आहे: एकदा घडला की तो पत्ता खेळातून कायमचा बाद होतो. याच्या अगदी उलट ‘डीकॉलनायझेशन’. हा सोविएतला आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या चार देशांत प्रत्येकी एक प्रभाव देणारा दोन ऑप्सचा पत्ता आहे आणि त्यावर तारा नाही. तो घडला तरी टाकलेल्या पत्त्यांत जातो आणि पत्ते पुन्हा पिसले की परत येतो. तो घडू देऊन आपण काहीच संपवत नाही, म्हणून अमेरिकेने तो शक्यतो अवकाशात पाठवावा. एक नुकसान आताच सोसून संपवायचे आणि दुसरे टाळत राहायचे, हा फरक ज्याला पत्ता पाहताक्षणी कळू लागला त्याने या खेळाचा अर्धा अभ्यास केला, असे मी मानतो.

क्रमाचा मुद्दाही इथेच येतो. शत्रूचा पत्ता खेळताना त्याची घटना आधी घडवायची की आपले ऑप्स आधी वापरायचे, हे खेळणारा ठरवतो. घटना आधी घडू दिली तर त्याने केलेली मोडतोड पाहून लगेच दुरुस्ती करता येते; ऑप्स आधी वापरले तर घटनेला लक्ष्यच उरणार नाही अशी मांडणी कधीकधी करता येते. कोणता क्रम बरोबर याचे सरसकट उत्तर नाही, आणि मला वाटते म्हणूनच हा प्रश्न दर डावात ताजा राहतो.

आता नकाशाकडे. इथे संगणकीय आवृत्तीचा उपयोग मोठा आहे, कारण प्रभाव कुठे ठेवता येतो याचे नियम ती बिनचूक पाळायला लावते. चाल सुरू होताना ज्या देशात आपला प्रभाव आहे तिथे, त्याच्या शेजारी किंवा आपल्या महासत्तेला लागून असलेल्या देशातच नवा प्रभाव ठेवता येतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या नियंत्रणाखालच्या देशात एका प्रभावाला एकाऐवजी दोन ऑप्स मोजावे लागतात. या दोन नियमांमुळे कोण आधी पोहोचला याला फार महत्त्व येते. भारतीय वाचकाला पटकन समजेल असे उदाहरण भारताचेच आहे. या नकाशावर भारताचा स्थैर्यांक तीन, पाकिस्तानचा दोन, आणि दोन्ही ‘बॅटलग्राउंड’, म्हणजे गुणांकनात जास्त वजन असलेले कळीचे देश आहेत. भारताला पाकिस्तान आणि ब्रह्मदेश हे दोनच शेजारी दिलेले आहेत. अमेरिकेचा या भागातला एकमेव जवळचा पाय सुरुवातीला इराणमध्ये असतो आणि तोही एकच प्रभावाचा. इराण गेला तर अमेरिकेला भारतापर्यंत येण्यासाठी ऑस्ट्रेलियातून मलेशिया, थायलंड, लाओस-कंबोडिया आणि ब्रह्मदेश असा लांबचा वळसा घ्यावा लागतो. सोविएतला मात्र इराण नसला तरी अफगाणिस्तानातून पाकिस्तानात उतरता येते.

म्हणूनच बहुतेक डावांत सोविएतची पहिली चाल इराणमधल्या सत्तापालटाची, म्हणजे फासा टाकून शत्रूचा प्रभाव काढून आपला बसवण्याची, असते. फाशावर पडलेला अंक अधिक पत्त्याचे ऑप्स, वजा देशाच्या स्थैर्यांकाची दुप्पट, असा तो हिशेब आहे. इराणचा स्थैर्यांक दोन असल्यामुळे चार ऑप्सच्या पत्त्याने केलेला प्रयत्न फाशावर काहीही पडले तरी यशस्वी होतो. तीन किंवा जास्त पडले तर अमेरिकेचा प्रभाव निघून देश थेट सोविएत नियंत्रणाखाली जातो. ठाण्यात राहणाऱ्याला या चालीचे मर्म समजावताना मी आपल्याच इतिहासाचा दाखला देतो. वसईचा किल्ला मराठ्यांनी मे १७३९ मध्ये घेतला, पण त्या मोहिमेची सुरुवात १७३७ च्या मार्चमध्ये ठाणे घेऊन झाली होती, कारण साष्टी बेटात शिरण्याचा दरवाजा ठाणे होते. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाण्याचे जे स्थान, ते या नकाशावर इराणचे आहे. त्याची स्वतःची किंमत बेताची आहे, त्याच्या पलीकडे जे उघडते त्याची किंमत मोठी.

गुण मिळतात ते गुणांकनाच्या पत्त्यांतून. युरोप, आशिया, मध्यपूर्व हे पहिल्या टप्प्यात. मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आग्नेय आशिया हे दुसऱ्या टप्प्यात येतात. आशियाच्या पत्त्यावर नुसत्या उपस्थितीला तीन, वर्चस्वाला (म्हणजे प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त देश आणि जास्त कळीचे देश हाती असण्याला) सात आणि पूर्ण नियंत्रणाला नऊ गुण आहेत, शिवाय प्रत्येक कळीच्या देशाचा एक. सोविएतकडे उत्तर कोरिया, थायलंड, पाकिस्तान आणि भारत असतील, जोडीला आणखी एखादा लहान देश असेल, आणि अमेरिकेकडे जपान व दक्षिण कोरिया एवढेच राहिले असतील, तर एका पत्त्याने सोविएतला अकरा आणि अमेरिकेला पाच, म्हणजे काटा सहा घरे सरकतो. वीस घरांच्या शर्यतीत हे अंतर जबरदस्त आहे. युरोपचे संपूर्ण नियंत्रण असताना युरोपचा पत्ता पडला तर खेळच संपतो.

हे पत्ते ज्या फेरीत हातात येतात त्याच फेरीत खेळावे लागतात. फेरीअखेर एखादा हातात राहिला तर तो खेळाडू हरतो. त्यामुळे आशियाचा पत्ता हातात असलेल्याला आशियात घाई करायची असते, पण ती घाई दिसू द्यायची नसते. इथे हा खेळ बुद्धिबळापासून वेगळा होतो आणि मला तो अधिक मानवी वाटतो. समोरचा अचानक थायलंडकडे का वळला, त्याने मध्यपूर्वेतली दुरुस्ती का सोडून दिली, याचा अर्थ लावायचा असतो. पहिल्या टप्प्यातल्या तीन गुणांकन पत्त्यांपैकी दोन पहिल्याच फेरीत येऊन गेले असतील, तर तिसरा पत्ते पुन्हा पिसले जाण्याआधी येणारच आहे, हे गणित मनात सतत चालू ठेवावे लागते. पिसणे साधारण तिसऱ्या फेरीत आणि पुढे सातव्या फेरीच्या आसपास होते. टाकलेल्या आणि बाद झालेल्या पत्त्यांचे ढीग संगणकीय आवृत्तीत केव्हाही उघडून पाहता येतात. पटावर खेळताना ते चाळत बसणे प्रतिस्पर्ध्याला कंटाळवाणे होते, म्हणून नवखे ते टाळतात. इथे तो संकोच राहत नाही, आणि पत्ते मोजण्याची सवय लागायला याची फार मदत होते.

आणि मग डेफकॉन. अणुयुद्धाच्या जवळिकीची ही पाच पायऱ्यांची पट्टी पाचापासून सुरू होते. कळीच्या देशात कोणीही सत्तापालटाचा प्रयत्न केला की ती एकाने उतरते, दर फेरीच्या सुरुवातीला एकाने चढते, आणि एकवर आली की ज्याची चाल चालू असेल तो हरतो, मग ती कोणाच्याही कृत्यामुळे उतरलेली असो. पट्टी चारवर आली की युरोपात सत्तापालट बंद, तीनवर आशियात, दोनवर मध्यपूर्वेतही. फेरीत पहिली चाल सोविएतची असल्यामुळे तीनवर असलेली पट्टी तो पहिल्याच चालीत दोनवर आणतो, आणि मग उरलेल्या फेरीत अमेरिकेला कळीच्या देशात सत्तापालट करता येत नाही, कारण तसे करणे म्हणजे स्वतःच हरणे. दुसरीकडे फेरीअखेर डेफकॉनच्या अंकाइतक्या लष्करी कारवाया पूर्ण नसतील तर तुटीचे गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात. म्हणून अमेरिकेला आफ्रिकेतल्या किंवा लॅटिन अमेरिकेतल्या लहान देशांत, जिथल्या सत्तापालटाने पट्टी उतरत नाही, आपला कोटा भरावा लागतो. पुढाकार कोणाकडे आहे आणि तो टिकवायला काय मोजावे लागते, हा युद्धशास्त्रातला मोठा विषय इथे एका पट्टीवर आणि दोन नियमांत बसवला आहे; रचनेच्या दृष्टीने या खेळातला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

याच पट्टीमुळे काही पत्ते जीवघेणे होतात. ‘सीआयए क्रिएटेड’ हा अमेरिकेचा एक ऑप्सचा पत्ता सोविएतच्या हातात असेल आणि त्याने तो डेफकॉन दोनवर असताना खेळला, तर अमेरिकेला त्या एका ऑप्सने आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या कळीच्या देशात सत्तापालट करता येतो. पट्टी एकवर येते आणि चाल सोविएतची असल्यामुळे सोविएतच हरतो. अकरावीतला माझा भाचा सोविएत खेळत असताना हा पत्ता त्याच्याकडे आला होता.

“मामा, हा मी पुढच्या फेरीपर्यंत धरून ठेवला तर?” त्याने विचारले.

“ठेव की. पण मग उरलेल्यांतला दुसरा नको असलेला पत्ता आत्ता खेळावा लागेल. तो कोणता ते आधी बघ, आणि मग ठरव.”

त्याने हात पुन्हा तपासला, आफ्रिका व दोन्ही अमेरिकांतल्या कळीच्या देशांत आपला प्रभाव कुठेच नाही हे त्याच्या लक्षात आले, आणि जिथे आपला प्रभावच नाही तिथे शत्रूला आपल्याविरुद्ध सत्तापालट करता येत नाही हा नियम आठवून त्याने तो पत्ता निर्धास्तपणे खेळून टाकला. संगणकाने त्याला हे सांगितले नव्हते. मीही सांगितले नव्हते. नियमांतून डावपेच निघतो तो असा, आणि तो क्षण पाहण्यासाठी मी या खेळात नवख्यांना आणतो.

इथून या आवृत्तीच्या उणिवेकडे वळतो. तिच्यातला शिकवणीचा भाग नियम समजावतो, आणि ते काम तो नीट करतो: प्रभाव कसा ठेवायचा, सत्तापालटाचा हिशेब कसा, गुण कसे मोजायचे, हे करून दाखवले जाते. पण हातातल्या पत्त्यांची आखणी कशी करावी, याविषयी तो काहीच बोलत नाही. फेरीच्या सुरुवातीला आठही पत्ते समोर मांडून कोणता हेडलाइनला, कोणता अवकाशात, कोणता राखून आणि घातक पत्ता कितव्या चालीत, हे ठरवणे हाच या खेळाचा गाभा आहे. त्याचा एखादा सराव-धडा असायला हवा होता. संगणकाविरुद्ध खेळण्याची सोय आहे, परंतु तो प्रतिस्पर्धी दुबळा आहे. नियम अंगवळणी पडेपर्यंत त्याच्याशी खेळावे आणि मग थांबावे, कारण तो चुका पकडत नाही, आणि न पकडलेली चूक हळूहळू सवय होते. संगणकाला सहज हरवणारे खेळाडू माणसासमोर पहिल्या तीन फेऱ्यांतच कोलमडताना मी पाहिले आहेत.

माणसाविरुद्ध ऑनलाइन खेळताना घड्याळ झटपट ठेवता येते किंवा दिवसांच्या हिशेबाने संथही. शिकणाऱ्याने संथच निवडावे, हे माझे ठाम मत आहे. ठाणे ते वाशी हा अर्ध्या तासाच्या आसपासचा लोकलचा प्रवास एका चालीसाठी पुरेसा असतो: ऐरोली येईपर्यंत प्रतिस्पर्ध्याने काय केले ते नोंदीत वाचायचे, घणसोली-कोपरखैरणेपर्यंत आपले पर्याय तपासायचे आणि तुर्भ्याच्या पुढे चाल करायची. सकाळी सातची गर्दी असेल तर उभ्याने हे जमत नाही, तेव्हा नुसती नोंद वाचून विचार करत राहावे. पटावर पूर्ण डावाला दोन ते तीन तास लागतात, आणि त्या बैठकीत नवख्याला प्रत्येक चालीवर विचार करायला संकोच वाटतो, कारण समोरचा थांबलेला असतो. संथ घड्याळात तो दबाव जातो. विचार पूर्ण करून केलेली चाल चुकली तरी ती कशामुळे चुकली हे नंतर सांगता येते. घाईत केलेल्या चालीबद्दल काहीच सांगता येत नाही.

खेळाची नोंद ठेवली जाते, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. कोणी कोणता पत्ता केव्हा खेळला आणि फासा काय पडला, हे सगळे त्यात असते. कोपरखैरण्याचे माझे एक सहकारी आणि मी डाव संपला की ती नोंद पुढ्यात घेऊन फोनवर बोलतो. आमचा दंडक असा की फाशाबद्दल बोलायचे नाही, फक्त निर्णयाबद्दल बोलायचे. ते वयाने मोठे, म्हणून मी त्यांना ‘साहेब, तुम्ही तिसऱ्या फेरीत चीनचा पत्ता का सोडलात?’ असे विचारतो, आणि ते शांतपणे त्या वेळी हातात काय होते ते सांगतात. चीनचा पत्ता चार ऑप्सचा, सगळे ऑप्स आशियात वापरले तर पाचाचा, आणि खेळला की तो प्रतिस्पर्ध्याकडे जातो. तो हातात असणे म्हणजे एक जादा पत्ता राखण्याची मुभा असणे. ही दुसरी किंमत मला त्यांच्या उत्तरांतून खऱ्या अर्थाने समजली. प्रत्येक जोडीने डाव झाल्यावर बाजू बदलून पुन्हा खेळावे. सोविएतच्या हातात अमेरिकेचे कोणते पत्ते टोचतात हे स्वतः अनुभवल्याशिवाय अमेरिका खेळताना समोरच्याची अडचण ओळखता येत नाही.

नशिबाचा भाग आहे, आणि तो कमी लेखू नये. सत्तापालट, युद्धाचे पत्ते, अवकाश-शर्यत, सगळीकडे फासा आहे. हातात पत्ते कोणते येतील हेही आपल्या हाती नाही. ज्यांना फासा मुळीच सहन होत नाही त्यांनी बुद्धिबळच खेळावे. तरीही तुल्यबळ नसलेल्या दोघांत सरस खेळाडू बहुतेक वेळा जिंकतो, कारण फासा कुठे टाकायचा आणि कुठे टाकायचा नाही हे ठरवणे त्याच्याच हातात असते. खेळाच्या समतोलाबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे: अनुभवी खेळाडूंमध्ये सोविएतची बाजू थोडी वरचढ मानली जाते, म्हणून अमेरिकेला सुरुवातीला काही जादा प्रभाव देण्याची पद्धत रूढ झाली आहे. ऑनलाइन डाव मांडताना ती सोय वापरावी, साधारण दोन प्रभाव पुरतात.

भारतीय खेळाडू म्हणून एक आक्षेप मला मनापासून नोंदवायचा आहे. या नकाशावर भारत हा कोणाच्या तरी नियंत्रणाखाली जाण्याची वाट पाहणारा देश आहे. १९५५ ची बांडुंग परिषद, १९६१ ची बेलग्रेड परिषद, दोन्ही गटांपासून अंतर राखण्याचा आपला प्रयत्न, आणि ऑगस्ट १९७१ चा भारत-सोविएत करार ज्या परिस्थितीत झाला ती परिस्थिती, यांतले काहीही या यंत्रणेत मावत नाही. भारत-पाकिस्तान युद्धाचा पत्ता दोघांपैकी कोणीही महासत्ता खेळू शकते. ती भारत किंवा पाकिस्तान निवडते, फासा टाकते, आणि शेजारी शत्रूच्या नियंत्रणाखाली असतील तर प्रत्येकामागे एक वजा होतो. १९६५ आणि १९७१ इथल्या लोकांनी जसे जगले त्याच्याशी या फाशाचा संबंध नाही. रचनाकारांनी टिपणात स्वतःच मान्य केले आहे की हा खेळ शीतयुद्धाचे त्या काळचे तर्कशास्त्र, त्यातल्या उघड चुकीच्या गृहीतकांसह, खरे धरून चालतो. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो. तरी मुलांना हा खेळ शिकवताना ही गोष्ट मोठ्यांनी सांगितलीच पाहिजे, नाहीतर शेजारचा देश पडला की आपोआप पुढचा पडतो ही कल्पना त्यांच्या मनात इतिहास म्हणून बसेल. माझ्या भाच्याने यावरून एकदा इतिहासाचे पुस्तक उघडले होते, आणि तसे घडले तर खेळाने आपली मर्यादाही भरून काढली असे मी म्हणेन.

वापरण्याच्या सोयीबद्दल थोडेसे. नकाशावर देशांची दाटी आहे, विशेषतः युरोपात आणि मध्य अमेरिकेत, त्यामुळे लहान फोनवर तो सतत मोठा-लहान करत राहावे लागते. टॅबलेट किंवा संगणक असेल तर तोच वापरावा आणि फोन फक्त प्रवासातल्या चालींसाठी ठेवावा. पत्त्यांवरचा मजकूर इंग्रजीत आहे आणि त्याची भाषा कायद्याच्या कलमासारखी नेमकी आहे, म्हणून शाळकरी मुलांच्या शेजारी पहिल्या डावाला कोणीतरी बसावे. आवाज आणि सजावट साधी आहे, मला ती पुरेशी वाटली.

सुरुवात करणाऱ्याला माझा क्रम असा. नियमांची शिकवणी पूर्ण करावी, संगणकाविरुद्ध दोन्ही बाजूंनी एकेक डाव खेळावा आणि लगेच ओळखीच्या माणसाशी संथ घड्याळावर डाव लावावा. त्या डावात सोविएत घेतल्यास पोलंडमध्ये चार, पूर्व जर्मनीत एक आणि युगोस्लाव्हियात किंवा ऑस्ट्रियात एक, आणि अमेरिका घेतल्यास पश्चिम जर्मनीत चार व इटलीत तीन, ही प्रचलित मांडणी डोळे झाकून करावी, कारण तिच्यातले बारकावे नंतर कळतात. सगळे लक्ष एकाच गोष्टीवर द्यावे: प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला कागदावर हातातले पत्ते लिहून त्यांतले दोन कुठे जाणार, म्हणजे अवकाशात कोणता आणि राखून कोणता, हे पहिली चाल करण्याआधी ठरवावे, आणि फेरी संपल्यावर ते ठरवल्याप्रमाणे झाले की नाही तेवढे त्याच कागदावर नोंदवावे.